फोटोपुरता चष्मा

"हँस ना. रोनी सूरत मत बना."

सुपरवायजर मला म्हणाला. मी हसले.

माझ्या डोळ्यांवर नवा कोरा चष्मा होता. प्लास्टिकचा, बाजूनं बंद, मागं रबरी पट्टा. कानांवर लाल वाट्या. हातात जाड मोजे. साडीवर मी नेहमीसारखा नवऱ्याचा जुना शर्ट घातला होता, त्यावर कंपनीचं चमकणारं जाकीट चढवलं होतं. हातात हवेची छिन्नी. तिला पाइप जोडलेला नव्हता. मशीन चालू असती तर फोटोला आलेल्या कारखान्याच्या मालकाच्या, सेठच्या, पांढऱ्या सदऱ्यावर लोखंडाचा कीस उडाला असता.

बाजूला सयत्राबाई उभी होती. वयानं माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, विधवा, आमच्या शेजारच्या गावची. तिनंच मला या कारखान्यात आणलं होतं. तिलाही तसंच सजवलं होतं. ती ओठ न हलवता म्हणाली, "नवरीवानी सजवलं वं आपल्याले."

मागं कापडी फलक. सुरक्षा सप्ताह. आम्ही आठ बाया, मधोमध सेठ. दोन वेळा उजवीकडून, एकदा समोरून. फोटो झाला. सेठ गाडीत बसले आणि गोंदियाकडे निघून गेले.

धूळ बसायच्या आत सुपरवायजर खोका घेऊन आला.

"निकालो सब."

मोजे काढायला मला वेळ लागत होता. तो थांबला नाही. त्यानं स्वतःच माझ्या तोंडावरचा चष्मा ओढला. रबरी पट्ट्यात केस अडकले होते, ते तुटले. चष्मा त्यानं दोन बोटांत धरला, चिमटीत झुरळ धरावं तसा, आणि स्टोअरवाल्याला म्हणाला, "साबुन से धुलवा के रखना. इनके मुँह पे था."

मग त्याचं त्यालाच वेगळं सुचलं. खोका माझ्या पायाशी ठेवला.

"तू ही धो दे."

मी धुतले. संडासामागच्या नळावर बसून आठही चष्मे साबणानं धुतले. पदरानं पुसायला गेले तर तो वरून ओरडला, "कपड़ा मत लगा अपना." मग एकेक चष्मा उन्हात धरून वाळवला.

त्यानं मला माझी जात कधी विचारली नव्हती. विचारायची गरज नव्हती. हजेरीत आडनाव होतं.

चष्मे खोक्यात गेले. खोका कपाटात. कपाटाला कुलूप. आम्ही पाइप जोडले आणि कामाला लागलो. उघड्या डोळ्यांनी.

मी काही बोलले नाही, हे आधीच सांगून टाकते. नंतर मी काय केलं ते सांगताना लोक मला शूर म्हणतात. त्या दिवशी मी चष्मे धुतले.

*

आमची स्वतःची जमीन नाही. गोंदियाजवळच्या गोरेगाव तालुक्यात दुसऱ्याच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, ठेक्यानं करत होतो. मालकानं त्या विकल्या, तिथं आता एक गोदाम आहे. नवरा कोहमाऱ्याला एका ढाब्यावर भाजी-पोळी करायला लागला. आठवड्यातून एकदा घरी येतो. मुलगी मयुरी तेव्हा अकरावीला होती.

सयत्राबाई एक दिवस आमच्या अंगणात आली आणि म्हणाली, "चाल माह्यासंग कारखान्यात. सावलीचं काम आहे."

सावली होती, हे खरं. पत्र्याची.

कारखान्यात राइस मिलच्या मशीनचे भाग ओतायचे. पुल्या, दात्यांची चाकं, झाकणं. साच्यातून निघालेल्या लोखंडाच्या काठाला जास्तीची धारदार किनार राहते. ती काढायची, मग घासून गुळगुळीत करायचं. हे काम बायांकडं होतं. पुरुषांना भट्टीवर जास्त रोजी मिळे.

भिंतीपलीकडं कंप्रेसर. तिथून लोखंडी नळी भिंतीनं फिरवलेली. नळीला जागोजागी हवा चालू-बंद करायचे कॉक. कॉकला रबरी पाइप आणि पाइपाच्या टोकाला कोणाची छिन्नी, कोणाचा ग्राइंडर. सगळं हवेवर चालतं. विजेचा झटका बसत नाही म्हणून हे काम धोक्याचं नाही, असं आम्हाला सांगितलं होतं.

पहिल्या दिवशी सुपरवायजरनं छिन्नी माझ्या हातात दिली. बंदुकीला असतो तसा एक घोडा दाखवला.

"ये दबाना. बस."

एवढंच माझं शिक्षण.

मी घोडा दाबला आणि खांद्यापर्यंत हात हादरला. दात एकमेकांवर आपटले. लोखंडाचा तुकडा गालाला चाटून गेला. सयत्राबाई हसली. म्हणाली, "होईल सवय."

झाली सवय. सगळ्याची झाली. डोळ्यांत कण जायचा तर एकमेकींच्या पदराच्या टोकानं काढायचो. कानात सुटीच्या दिवशीही शिट्टी वाजत राहायची. मयुरी म्हणायची, "आई, एवढ्या मोठ्यानं कायले बोलतेस?" मला मी हळूच बोलते आहे असं वाटायचं.

मग बोटं.

थंडीच्या दिवसांत सकाळी सकाळी माझी बोटं पांढरी पडायची. खडूसारखी. टाचणी टोचली तर कळायचं नाही. तासाभरानं मुंग्या यायच्या, मग आग. सयत्राबाई म्हणाली, रक्त कमी आहे, गूळ-शेंगदाणे खा. मी खाल्ले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात एका सुटीच्या दिवशी शेजारच्या बांधीत धान रोवण्याला गेले. लहानपणापासून करत आलेलं काम. बोटांना आपोआप कळतं, पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुडीतून किती काड्या निघाल्या. बघावं लागत नाही. मी चिखलात वाकले, जुडी हातात घेतली आणि मला कळेना. दोन काड्या आल्या की सहा, कळेना. दर वेळी हात डोळ्यांपुढं आणून मोजत होते. रांग पुढं गेली. मी मागं एकटी. बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून एका बाईनं विचारलं, "काय वं, रोवणं विसरली का?"

मी खाली मान घालून काड्या मोजत राहिले. पाण्यात माझी आसवं पडली ती कोणाला दिसली नाहीत. तिथं सगळंच ओलं होतं.

*

सुरक्षा सप्ताहाचा फोटो झाल्यावर पंधरा-वीस दिवसांनी नव्या दोन छिन्न्या आल्या. पुठ्ठ्याचा खोका फोडून मशीन काढली आणि खोका कचऱ्यात. खोक्यात एक घडीचा कागद होता. इंग्रजी. पण चित्रं होती. एक डोळा आणि त्यावर चष्मा. एक कान. एक हात, त्याभोवती थरथरल्याच्या रेघा. आणि एक माणूस दुसऱ्याच्या अंगावर हवेचा पाइप धरून उभा, त्यावर मोठी फुली.

तो हात मी ओळखला. तो माझा हात होता.

कागद शर्टाच्या खिशात घालून घरी आणला. मयुरीनं चुलीपुढं बसून वाचला. अडलेले शब्द मोबाइलवर बघत वाचला. मी भात उतरवायचा विसरले.

ती सांगत होती आणि मी एकेक गोष्ट कारखान्यातल्या जागेवर ठेवून बघत होते. पाइप काढायच्या आधी कॉक बंद करायचा, मग घोडा दाबून आतली उरलेली हवा सोडायची, मग पाइप काढायचा. आम्ही हवा चालू ठेवून पाइप दुमडायचो आणि तसाच उपसायचो, वेळ जातो म्हणून सुपरवायजरनंच तसं शिकवलं होतं. हवेनं अंगावरची धूळ उडवायची नाही, हवा कातडीतून आत जाऊ शकते, कानाचा पडदा फाटू शकतो. आम्ही रोज सुटी व्हायच्या वेळी एकमेकींचे केस हवेनं झटकायचो. हात थरथरणारं काम सलग करायचं नाही, मधे मधे थांबायचं, हात गरम ठेवायचे. बोटं पांढरी पडली तर डॉक्टरला दाखवायचं.

"बोटं पांढरी असं लिहून आहे?" मी विचारलं.

"हो आई. असंच लिहून आहे."

म्हणजे कोणाला तरी माहीत होतं. दूर कुठंतरी बसून माझी बोटं न बघता कोणीतरी ती कागदावर लिहून ठेवली होती. आणि तो कागद आम्हाला न दाखवता कचऱ्यात टाकला होता. रक्त कमी नव्हतं माझं.

मयुरी पुढं वाचायला लागली. "पाइपाचा जोड पक्क्या क्लिपनं आवळलेला असावा. जोडाच्या दोन्ही बाजूंना धरून ठेवणारी साखळी लावावी. जोड सुटला तर हवेनं पाइप फटके मारतो. त्यानं माणूस मरू शकतो."

मी डोळे मिटून आमचे जोड आठवले. एकाही जोडाला क्लिप नव्हती. सेंट्रिंगची बारीक तार असते ना, सळया बांधायची, ती गुंडाळून पक्कडीनं पिळलेली.

*

दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन सुपरवायजरकडं गेले. मनात वाक्य पाठ केलं होतं. "साहेब, पाइपाले तार आहे, क्लिप पाह्यजे. अन् चष्मे कपाटात आहेत, ते द्या." एवढंच.

त्यानं कागद घेतला. उलटा केला, सुलटा केला.

"किसने पढ़ा?"

"माह्या पोरीनं."

"अच्छा. बेटी इंजीनियर, माँ भी इंजीनियर."

भट्टीवरचे पुरुष बघायला लागले. त्याला बघणारे मिळाले. बाजूच्या कॉकला धूळ झाडायची नळी लावलेली होती. ती त्यानं उचलली.

"मैडम पे बहुत धूल है. झाड़ देता हूँ."

आणि हवा सोडली. आधी शर्टावर. शर्ट फुगला, पदर उडाला. मी दोन्ही हातांनी साडी धरली. मग मानेवर. मग कानाजवळ. कानात खळ्ळ झालं, काच फुटावी तसं. मी कान धरून खाली बसले. पुरुष हसत होते. मला त्यांची तोंडं उघडलेली दिसत होती, हसण्याचा आवाज एकाच बाजूनं येत होता.

कागद त्यानं घडी करून स्वतःच्या खिशात घातला.

सयत्राबाई मला हाताला धरून आमच्या कोपऱ्यात घेऊन गेली. ती हसली नव्हती. पाणी दिलं. म्हणाली, "चूप राय माय. रोजी जाईल. आपल्यासारख्याचं कोण ऐकते?"

मी चूप राहिले. दुसऱ्यांदा. त्या कानानं मला अजून नीट ऐकू येत नाही.

दुपारी जेवायला आम्ही पत्र्याबाहेर बसलो. वरून बिरसीचं विमान गेलं. तिथं विमान चालवायला शिकवतात, त्यामुळं आमच्या डोक्यावरून ती लहान विमानं घिरट्या घालतच असतात. रोजचीच. त्या दिवशी मी वर बघत राहिले. त्या पोरापोरींना आधी महिनोन् महिने शिकवतात म्हणे. बाजूला शिकवणारा बसतो. एकेक बटण, एकेक काटा समजावतो. त्यांचा जीव मोलाचा आहे, बरोबरच आहे. पण मग आमचा?

डबा बंद केला आणि आत गेले.

*

पुढच्या थंडीतली सकाळ. बसमधून उतरले तेव्हापासूनच बोटं पांढरी होती. छिन्नी हातात धरली, पण धरली आहे की नाही ते कळेना. दोनदा निसटली. एकदा पायाजवळ पडली.

मी सयत्राबाईला म्हटलं, "बाई, तासभर माही छिन्नी धर वं. बोटं मेली आहेत."

ती ग्राइंडरवर होती. ग्राइंडर हलका. तिनं काही विचारलं नाही. माझ्या जागेवर जाऊन बसली. माझी छिन्नी घेतली. माझा पाइप. माझा तारेचा जोड.

मी तिचा ग्राइंडर हातात घेत होते तेवढ्यात आवाज आला. छिन्नीची टकटक एकदम थांबली आणि किंचाळल्यासारखं काहीतरी सुरू झालं. मी वळले. पाइप सुटला होता. जमिनीवर नव्हता, हवेत होता. वळवळत, आपटत, भिंतीवर, लोखंडावर, खांबावर. टोकाला पितळेचा जड तुकडा. बाया ओरडत बाहेर पळाल्या.

मी कॉककडं धावले. ते मी कागदामुळं केलं. आधी हवा बंद. मेलेल्या बोटांनी कॉक फिरेना. दोन्ही तळहातांत धरून फिरवला. हवा थांबली. पाइप खाली पडला, नुसता रबराचा तुकडा.

सयत्राबाई जमिनीवर बसली होती. उजवा हात तोंडावर. बोटांमधून रक्त येत होतं आणि ती सारखी म्हणत होती, "मले काही नाही झालं. मले काही नाही झालं."

तिचा हात मी बाजूला केला. मी काय पाहिलं ते लिहिणार नाही. तिला त्याची लाज वाटेल.

कारखान्याच्या टेम्पोत घालून गोंदियाला दवाखान्यात नेलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिथून नागपूरला. उजवा डोळा काढावा लागला.

मी तिच्या जागेवर आणि ती माझ्या जागेवर. तासभरासाठी. मी मागितलं म्हणून.

*

चौथ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. तिथं मी आधी कधी गेले नव्हते. थंड होतं. सेठ खुर्चीत, सुपरवायजर बाजूला उभा.

"बैठ बेटी," सेठ म्हणाले.

मला खुर्ची दिली. त्या खुर्चीचीच मला भीती वाटली.

टेबलावर दोन गोष्टी होत्या. एक तो फोटो, मोठा करून काढलेला. सयत्राबाई आणि मी, चष्म्यात, कानांवर लाल वाट्या. मी हसत होते. तिचे दोन्ही डोळे कॅमेऱ्याकडं.

दुसरा कागद. मराठीत टाइप केलेला. खाली सह्या आणि अंगठे. आमच्या कोपऱ्यातल्या सहाही बायांचे. माझीच जागा रिकामी.

सुपरवायजरनं पेन पुढं केला. "यहाँ."

"वाचून राहिली, थांबा," मी म्हटलं.

"पढ़ना क्या है?"

मी वाचला. सावकाश वाचला, बोट ठेवून. त्यात लिहिलं होतं: "सदर महिला कामगारास सर्व सुरक्षा साधने पुरविण्यात आली होती. त्याबाबतचे छायाचित्र सोबत जोडले आहे. सदर महिलेने स्वतःच्या निष्काळजीपणामुळे साधने वापरली नाहीत व पाइपाचा जोड स्वतः सैल केला."

मी पुन्हा एकदा वाचला. निष्काळजीपणा हा शब्द मी शाळेत शिकले होते. तो इथं सयत्राबाईला लावला होता. जी बाई माझ्या डोळ्यातला कण पदराच्या टोकानं, श्वास रोखून काढायची, तिला.

मी कागद टेबलावर परत सरकवला.

"हे खोटं आहे," मी म्हटलं. "चष्मे फोटोपुरते होते. फोटो झाल्यावर काढून घेतले. मीच धुतले. जोडाले तार होती. मी यायले सांगितलं होतं, तार आहे म्हणून. यायनं माह्या कानात हवा मारली."

सुपरवायजर काही बोलणार तेवढ्यात सेठनी हात वर केला. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

"बेटी, सब ने साइन किया है. हम सब एक परिवार हैं. तेरी भी लड़की है. पढ़ रही है ना? सोच ले."

"विचार करूनच सांगून राहिली, सेठ. मी सही करत नाही."

पेन मी टेबलावर ठेवला. फेकला नाही. उठले आणि खुर्ची होती तिथं सरकवली. बाहेर आले तेव्हा इतर बाया कामावर होत्या. एकीनंही मान वर केली नाही. त्यांच्या डोळ्यांवर चष्मे होते.

दुसऱ्या दिवशी फाटकावर मला आत घेतलं नाही. कारण सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

*

मयुरीनं अर्ज लिहिला. मी सांगितला, तिनं लिहिला. कारखान्यांची तपासणी करतात त्या सरकारी ऑफिसात दिला. साहेब आले. ते यायच्या आत सगळ्या जोडांवर नव्या क्लिपा बसल्या होत्या, साखळ्या लागल्या होत्या, भिंतीवर मराठी सूचना रंगवल्या होत्या. साहेबांनी माझा जबाब वेगळा घेतला. शब्द न शब्द लिहून घेतला, वाचून दाखवला. त्याखाली मी सही केली. चौकशी चालू आहे. अजून चालूच आहे.

सयत्राबाई नागपूरहून घरी आली तेव्हा मी गेले. ती अंगणात बाजेवर बसली होती. डोळ्यावर पांढरी पट्टी. मी बसले तर तिनं मान फिरवली. मला वाटलं, दिसत नाही म्हणून. मी दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. तिनं पुन्हा फिरवली.

"सेठनं माह्या पोराले फाटकावर लावलं," ती म्हणाली. "पक्कं काम. वर्दी देल्ली. मी अंगठा देऊन टाकला कागदावर. आता तू बी चूप राय. तू बोलशील त माह्या पोराचं काम जाईल."

कोंबड्या दाणे टिपत होत्या.

"बाई, तो पाइप माहा होता."

"मले मालूम आहे."

"माह्या जागेवर मीच असती त..."

"मले मालूम आहे वं," ती म्हणाली. मग हलक्या आवाजात, "जा आता."

मी उठले. तिनं मला चहा विचारला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

या गोष्टीचं मला सगळ्यात जास्त दुःख आहे. कानाचं नाही, बोटांचं नाही, कामाचं नाही. डोळा तिचा गेला आणि तिनं स्वतःच अंगठा देऊन सांगितलं की चूक तिची होती. तिच्या मुलाच्या भाकरीत तो अंगठा मळलेला आहे. मी खरं बोलते तेव्हा ती भाकर हलते. आणि मी तरीही बोलते. तिला मी कोणत्या तोंडानं सांगू, की मी तिच्यासाठी बोलते?

*

आता मी गोरेगावच्या आठवडी बाजारात भाजी विकते. वांगे, टमाटर, सांभार म्हणजे कोथिंबीर. सांभाराच्या जुड्या बांधताना बघून बांधाव्या लागतात, पण गिऱ्हाईक थांबतात.

कारखान्यातल्या बाया बाजाराला येतात. पहिले काही बाजार त्या माझ्या ओळीतून जायच्याच नाहीत. मग एक दिवस देवला आली. ती आमच्या कोपऱ्यात सगळ्यात नवी होती. पाव किलो वांगे घेतले, पैसे दिले, गेली नाही. इकडं तिकडं बघितलं आणि माझ्यापुढं तिनं हात उघडला. मधलं बोट पांढरं होतं.

"बाई, तुह्यावानी होऊन राहिलं का वं हे?"

मी तिचं बोट माझ्या दोन्ही हातांत धरलं. चोळलं. तिला सांगितलं, हे रक्त कमी असल्यानं नाही. डॉक्टरला दाखव आणि कोणतं काम करतेस तेही सांग, नाहीतर त्याला कळणार नाही. सलग मशीन धरू नको. मग मातीत बोटानं काढून दाखवलं. हा कॉक, हा पाइप, ही छिन्नी. आधी हे बंद. मग घोडा दाब, हवा जाऊ दे. मग काढ. जोडाची क्लिप रोज हातानं हलवून बघ. क्लिप काढून परत तार बांधली तर हात लावू नको.

"साहेब ओरडते ना."

"ओरडू दे."

पुढच्या बाजाराला ती दोघींना घेऊन आली. त्याच्या पुढच्या बाजाराला दुसऱ्या एका कारखान्यातल्या बाया. एक माणूसही आला, रस्त्याच्या कामावर दगड फोडायची हवेची मशीन चालवणारा. त्याची बोटं माझ्यापेक्षा वाईट होती. तो खाली बसला आणि मातीतलं चित्र बघत राहिला.

मागच्या बाजाराला सयत्राबाईचा मुलगा आला. वर्दीत. माझ्यापुढं उभा राहिला. लहानपणी माझ्या हातचं खाल्लेला पोरगा, आता मिशी आलेला. त्यानं वांग्यांकडं बघितलं, माझ्याकडं नाही.

"मावशी, सुपरवायजर साहेबानं निरोप सांगितला. बाजारात हे भाषण देणं बंद करा म्हणाले. नाही त अब्रूनुकसानीचा दावा लावू म्हणाले."

"बस ना बाबू."

तो बसला नाही. बुटांनी माती उकरत होता.

"माय कशी आहे?"

"बरी आहे." मग एकदम त्याचा आवाज फुटला. "मावशी, मी काय करू? मले सांगाले लावलं, मी सांगितलं."

"तुह्यावर माहा राग नाही," मी म्हटलं. "तू निरोप आणला, आता माहा घेऊन जा. साहेबाले सांग, हा बाजार त्याच्या फाटकाच्या आत नाही. इथं कोण काय बोलते ते तो ठरवत नाही. दावा लावाचा असन त लाव म्हणा. तिथंही मी हेच सांगीन, अन् तिथं ते लिहून घेतात."

तो मान हलवून निघाला. चार पावलं गेला, परत आला, सांभाराची एक जुडी उचलली. पैसे द्यायला लागला. मी घेतले. फुकट दिली असती तर ती उपकाराची झाली असती, आणि फुकट द्यावं-घ्यावं असं आमच्यात आता उरलेलं नाही.

मी दोनदा चूप राहिले. एकदा नळावर, एकदा कान धरून. त्या दोन चुपीत सयत्राबाईचा डोळा गेला. हे कोणी मला म्हणत नाही, मी म्हणते. रोज म्हणते.

चौकशीची तारीख निघाली की मी जाईन. इतर बाया येणार नाहीत. नवरा म्हणतो, जाऊ दे. सयत्राबाई समोरच्या बाजूला बसलेली असेल, सेठनं आणलेल्या गाडीतून आलेली, आणि मला विचारलं जाईल, या बाईला साधनं दिली होती का. मी तिच्यासमोर उभी राहून सांगीन, दिली नव्हती. तिनं नको म्हणून मान हलवली तरी सांगीन. तिनं त्यानंतर आयुष्यभर माझ्याशी बोललं नाही तरी सांगीन.